मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाने अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती लागतो?

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला जाताना साधारण १६ तास आणि परत येताना साधारण साडेचौदा तास लागतात. वाटेत एकदा विमान बदलायचे असेल तर एकूण २० ते २६ तास धरावेत.

उत्तर एवढेच आहे, पण तिकीट हातात आले की खरा गोंधळ सुरू होतो. जाताना रात्री २ वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोहोचते असे तिकिटावर दिसते, म्हणजे जणू साडेसहा तासांचाच प्रवास. येताना मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोहोचतो, म्हणजे पूर्ण २४ तास! अंतर तेच असताना वेळ अशी का बदलते? आणि मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी नेमका किती वेळ गृहीत धरायचा? चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

थोडक्यात माहिती

• सरळ हवाई अंतर : सुमारे १२,५३० किमी
• नॉनस्टॉप विमान, मुंबईहून न्यूयॉर्क : साधारण १६ तास
• नॉनस्टॉप विमान, न्यूयॉर्कहून मुंबई : साधारण साडेचौदा तास
• घड्याळातील फरक : अमेरिकेतील उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास (भारत पुढे)
• न्यूयॉर्क परिसरातील मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ : जॉन एफ. केनेडी (न्यूयॉर्क) आणि नेवार्क (न्यू जर्सी)

हे अंतर कसे मोजतात?

भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हा सर्वात जवळचा रस्ता वाटतो, पण तो नाही. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोलावरचे दोन बिंदू जोडणारी सर्वात छोटी वाट ही त्या गोलाला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते. भूगोलात याला महावृत्त किंवा बृहद्वृत्त म्हणतात.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो पश्चिमेकडे न जाता वायव्येच्याही बराच वर, उत्तरेकडे झुकलेला दिसेल. ही वाट मुंबईहून गुजरात, पाकिस्तानातील सिंध, अफगाणिस्तानातील कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान अशी वर चढत थेट मॉस्कोच्या आसपास पोहोचते. तिथून दक्षिण फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड असे करत ती ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरते आणि मग न्यूयॉर्कला येते. १२,५३० किमी हे अंतर या वाटेचे आहे.

मग विमान त्याच वाटेने का जात नाही?

कारण आकाशालाही हद्दी असतात. प्रत्येक देशाच्या जमिनीवरचे आकाश त्या देशाच्या ताब्यात असते आणि तिथून उडायचे तर त्याची परवानगी लागते. मुंबई–न्यूयॉर्कची सर्वात छोटी वाट नेमकी अशा देशांवरून जाते, जिथे गेल्या काही वर्षांत परवानगीचे प्रश्न सतत उभे राहिले.

• पाकिस्तान : २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना जवळजवळ बंद होते. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आले.

• रशिया : युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातील कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांवर ही बंदी नव्हती. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली नेवार्क–मुंबई सेवा याच कारणाने थांबवली.

• इराण आणि आखात : इराणने जून २०१९ मध्ये अमेरिकेचे एक ड्रोन पाडले, तेव्हाही युनायटेडने ही सेवा स्थगित केली होती. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्षात इराण, इराकसह त्या भागातील आकाश बंद झाले आणि भारतातून पश्चिमेकडे निघालेली काही विमाने अर्ध्या वाटेतून वळवावी लागली.

आता वळसा किती पडतो ते पाहू. पाकिस्तान आणि इराण दोन्ही टाळून अरबी समुद्रावरून रियाधच्या दिशेने आणि तिथून युरोपमार्गे न्यूयॉर्क गाठायचे ठरवले, तर अंतर सुमारे १३,२५० किमी होते. म्हणजे सातशेहून अधिक किलोमीटर जास्त. वेळेत सांगायचे तर पाऊण ते एक तास. म्हणून जुन्या तिकिटावरची वेळ आणि आजची वेळ यांत फरक दिसला तर नवल नाही.

जाताना १६ आणि येताना साडेचौदा तास का?

याचे पहिले कारण वारा. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे जिथून मोठी विमाने उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग अनेकदा ताशी १५० ते २०० किमी असतो, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणे म्हणजे बराच काळ या वाऱ्याच्या विरुद्ध जाणे. येताना तोच वारा पाठीशी असतो.

सोपे गणित करून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरू. वाटेत कुठे वारा जोराचा असतो, कुठे नसतो, म्हणून संपूर्ण प्रवासातला सरासरी परिणाम ताशी ५० किमी धरू. वाट १३,२५० किमीची.

• जाताना : ९०० वजा ५०, म्हणजे ताशी ८५० किमी. वेळ सुमारे १५ तास ३५ मिनिटे.
• येताना : ९०० अधिक ५०, म्हणजे ताशी ९५० किमी. वेळ सुमारे १३ तास ५५ मिनिटे.

यात अजून अर्धा तास मिळवा. कारण तिकिटावरचा वेळ हा विमान हवेत असण्याचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंत येणे हे सगळे त्यात येते. अर्धा तास मिळवला की १६ तास ५ मिनिटे आणि १४ तास २५ मिनिटे, म्हणजे सुरुवातीला दिलेलेच आकडे मिळतात.

वारा रोज सारखा नसतो. वैमानिक आणि कंपनीचा उड्डाण-नियोजन विभाग रोजचा वारा पाहून वाट ठरवतात. कधीकधी थोडी लांबची वाट वाऱ्यामुळे लवकर पोहोचवते. त्यामुळे एकाच क्रमांकाचे विमान एखाद्या दिवशी अर्धा तास आधी तर दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचू शकते.

तिकिटावरची वेळ कशी वाचावी?

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाची. दोन्हींत थेट वजाबाकी केली की चुकीचे उत्तर येते.

जुलै महिन्यातले उदाहरण घेऊ. मुंबईहून १५ तारखेला रात्री २ वाजता विमान निघाले आणि प्रवास १६ तासांचा. मुंबईच्या घड्याळात तेव्हा १५ तारखेचे संध्याकाळचे ६ वाजले असतील. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे १५ तारखेची सकाळ, साडेआठ.

परतीचे पाहा. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघाले, प्रवास साडेचौदा तासांचा. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे अडीच झाले. त्यात साडेनऊ तास मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. भारतात घड्याळ बदलत नाही. म्हणून हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. वरचेच मुंबईहून निघालेले विमान जानेवारीत सकाळी साडेसातला पोहोचेल, तर न्यूयॉर्कहून निघालेले मुंबईत दुपारी १ ला येईल.

तारखेची चूक टाळा : मुंबईहून अमेरिकेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२:००’ असे असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे आहे. १५ तारखेच्या रात्री गेलात तर विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेले असेल. आई-वडिलांना तिकीट पाठवताना ‘१४ तारखेला रात्री १० वाजता विमानतळावर’ असे वेगळे लिहून पाठवावे.

नॉनस्टॉप की मध्ये थांबा घेऊन?

एअर इंडियाने मे १९६० मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा बोइंग ७०७ विमान लंडनमार्गे जात असे. इतके अंतर एका दमात तोडणारे विमान तेव्हा नव्हते. आज बोइंग ७७७ आणि एअरबस ए३५० सारखी विमाने हे अंतर न थांबता पार करू शकतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई ते जॉन एफ. केनेडी विमानतळ अशी नॉनस्टॉप सेवा सुरू केली. त्याआधी मुंबई–नेवार्क सेवा होतीच. वेळापत्रके बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना सध्या कोणती सेवा सुरू आहे ते पाहून घ्यावे.

थांबा घेतला की अंतर फार वाढते असा समज आहे. तसे होत नाही. अंतरे अशी :

• लंडनमार्गे : सुमारे ७,२०० + ५,५४० = १२,७४० किमी
• फ्रँकफर्टमार्गे : सुमारे ६,५७० + ६,१९० = १२,७६० किमी
• दुबईमार्गे : सुमारे १,९३० + ११,०२० = १२,९५० किमी

म्हणजे सरळ अंतरापेक्षा जेमतेम २०० ते ४०० किमी जास्त. वाढतो तो वेळ, आणि तो विमान बदलण्याच्या थांब्यामुळे. दुबईसारख्या ठिकाणी पहिला टप्पा सुमारे तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांच्या आसपास असतो. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे प्रवासाचे दोन बऱ्यापैकी सारखे भाग पडतात. ज्यांना १६ तास सलग बसणे जड जाते, त्यांना हा दुसरा पर्याय सोयीचा पडतो.

थांब्याचे तिकीट काढताना तीन गोष्टी तपासा :

१. दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तास असावेत. ज्येष्ठांसोबत याहून जास्त ठेवावेत.
२. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी मग कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर ती तुमच्यावर पडते.
३. काही देशांत विमानतळाबाहेर न पडताही संक्रमण व्हिसा लागू शकतो. हे नियम बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरावेत.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ या शब्दांतही फरक आहे. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकते, फक्त त्याचा क्रमांक तोच राहतो. नॉनस्टॉप कुठेच उतरत नाही.

घरापासून घरापर्यंत किती वेळ?

१६ तास हा फक्त विमानाचा हिशोब झाला. पुण्याच्या घरातून निघून न्यू जर्सीतील एडिसनच्या घरी पोहोचेपर्यंतचा हिशोब असा :

• पुणे ते मुंबई विमानतळ : ४ तास (घाटात किंवा शहरात कोंडी झाली तर जास्त)
• विमानतळावर चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी : ३ ते ४ तास
• विमान : १६ तास
• अमेरिकेत इमिग्रेशन आणि सामान : दीड ते दोन तास
• विमानतळ ते घर : १ तास, केनेडी विमानतळावर उतरल्यास दीड-दोन तास

एकूण २६ ते २८ तास. थांबा घेऊन गेल्यास ३० ते ३६ तास.

न्यू जर्सीत जायचे असेल तर नेवार्क जवळचे. केनेडी विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या दुसऱ्या बाजूला असल्याने तिथून नदी आणि शहर ओलांडून यावे लागते. अमेरिकेतच पुढे दुसरे विमान पकडायचे असेल, तर इमिग्रेशन साधारणपणे अमेरिकेतील पहिल्याच विमानतळावर होते. तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. म्हणून पुढच्या विमानापूर्वी तीन-चार तास ठेवावेत. तसेच मुंबईचे तिकीट असेल तर विमानतळाचे पूर्ण नाव वाचा. नवी मुंबईचा विमानतळ वेगळा आणि सांताक्रूझ-अंधेरीजवळचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ वेगळा.

ज्येष्ठांनी काय काळजी घ्यावी?

• पाय : चार तासांपेक्षा जास्त वेळ हालचाल न करता बसल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागे असताना तास-दीड तासाने उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. पूर्वी असा त्रास झाला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

• औषधे : सगळी औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नये, ते सामानकक्षातील थंडीने गोठू शकते. बॅग उशिरा मिळण्याची शक्यताही असतेच.

• गोळ्यांची वेळ : मुंबईत सकाळी ८ ला घेतली जाणारी गोळी न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात आदल्या रात्रीच्या साडेदहाला येते. जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

• व्हीलचेअर : चालता येत असले तरी लांबच्या विमानतळांवर हिची मदत होते. ती तिकीट काढतानाच मागावी. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहींसाठीचे जेवणही आधीच नोंदवावे लागते.

• झोप : शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळते. म्हणजे पूर्ण सावरायला आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. पूर्वेकडे, म्हणजे भारतात परतताना, बहुतेकांना त्रास अधिक जाणवतो. दिवसा उजेडात बाहेर राहिल्याने फायदा होतो.

अचानक निघावे लागले तर

परदेशी असलेल्या मुलांना सर्वात मोठी धास्ती या फोनची असते. घरी कोणी अत्यवस्थ आहे किंवा गेले आहे, आणि सगळे विचारत असतात, ‘तू कधी पोहोचशील?’ अशा वेळी ‘१६ तासांत येतो’ असे उत्तर तोंडून निघते आणि घरचे त्या हिशोबाने थांबतात. खरा हिशोब वेगळा आहे.

समजा जुलैतल्या सोमवारी रात्री ९ वाजता न्यू जर्सीत फोन आला. पुण्यात तेव्हा मंगळवारची सकाळ, साडेसहा. तिकीट मिळाले मंगळवारी दुपारी १२ च्या नॉनस्टॉप विमानाचे. ते मुंबईत बुधवारी दुपारी १२ ला उतरेल. विमानतळावर दीड तास आणि पुण्यापर्यंत चार तास धरले तर घरी पोहोचायला बुधवारची संध्याकाळ, साडेपाच. फोनपासून ३५ तास झाले. थांब्याचे विमान मिळाले तर बुधवारची मध्यरात्र किंवा गुरुवारची पहाट.

म्हणून तास सांगू नका. भारतातला वार, तारीख आणि वेळ सांगा : ‘बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत घरी.’ अंत्यविधीसाठी थांबायचे की नाही, हा निर्णय घरच्यांना त्यावरूनच नीट घेता येतो. हा हिशोब शांतपणे आधीच करून कागदावर ठेवलेला बरा, कारण त्या रात्री बेरीज-वजाबाकी सुचत नाही.

दुसरी तयारी कागदपत्रांची. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची मुदत पाहून ठेवा आणि अमेरिकेत परत येण्याचा व्हिसा वैध आहे का तेही पाहा. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. घरातल्या लहान मुलांचे ओसीआय राहून गेले असेल तर ते आजच करून घ्यावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जगातील सर्वात लांब विमानप्रवास हाच आहे का?
नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क हा नॉनस्टॉप प्रवास सुमारे १५,३०० किमीचा असून त्याला साडेअठरा तासांच्या आसपास लागतात.

विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून का जात नाही?
न्यूयॉर्कसाठी ती वाट बरीच लांब पडते. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या पश्चिम किनाऱ्यावरील शहरांसाठी मात्र भारतातून पॅसिफिकवरून जाणे वाऱ्यामुळे फायद्याचे ठरू शकते.

दिल्लीहून न्यूयॉर्क जवळ आहे का?
होय, दिल्लीहून सरळ अंतर सुमारे ११,७५० किमी आहे. पण पाकिस्तानचे आकाश बंद असले की दिल्लीच्या विमानांना मुंबईच्या मानाने मोठा वळसा पडतो. त्यामुळे मुंबई किंवा पुण्याच्या प्रवाशाने केवळ अंतर पाहून दिल्लीमार्गे जाण्यात फायदा नाही.

विमान वेळेवर आहे का, ते कसे पाहावे?
विमानाचा क्रमांक आणि तारीख घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा विमानतळाच्या संकेतस्थळावर पाहावे. न्यायला जाणाऱ्यांनी पोहोचण्याच्या वेळेनंतर दीड तासाने बाहेर भेट होईल असे धरावे.

लक्षात ठेवायचे ते एवढेच : १२,५३० किमी हा आकडा कायम राहील, पण वेळ वारा, बंद-उघडे आकाश आणि दोन गावांची घड्याळे यांवर ठरेल. निघण्याआधी विमानाची ताजी वेळ पाहा, दोन्हीकडची तारीख कागदावर लिहा आणि ती न्यायला येणाऱ्यालाही कळवा.